दारी आलेले विद्यापीठ

(एका व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



'परदेशी विद्यापीठे आणि आपला समाज' हा विषय फलकावर वाचून आपल्यापैकी अनेकांना प्रवेशपरीक्षा, व्हिसा आणि शैक्षणिक कर्ज यांची आठवण झाली असेल. ते स्वाभाविक आहे. आज मध्यमवर्गीय घरांतून असे घर शोधावे लागेल, की ज्यातील एखादा मुलगा किंवा मुलगी, निदान पुतण्या किंवा भाची, शिक्षणासाठी परदेशी गेलेली नाही. पण मी आज उलट दिशेच्या प्रवासाविषयी बोलणार आहे. आपली मुले विद्यापीठाकडे जातात तेव्हा काय होते, हे आपण जाणतो. विद्यापीठच आपल्या दारी येते, सभागृह बांधते, व्याख्याने योजते आणि आपल्याला श्रोता म्हणून आमंत्रण देते, तेव्हा काय होते याचा विचार मात्र आपण फारसा करीत नाही.

प्रथम एक भेद स्पष्ट करतो. विद्यापीठ परदेशात दोन प्रकारांनी जाते. पहिला प्रकार परिसराचा. तेथे प्रवेश असतात, शुल्क असते, परीक्षा आणि पदवी असते. नियम बदलल्यावर अशा परिसरांचा मार्ग भारतात मोकळा झाला आणि डीकिन, वोलाँगाँग, साउदॅम्प्टन ही नावे आपल्या वृत्तपत्रांत येऊ लागली. दुसरा प्रकार केंद्राचा. तेथे पदवी मिळत नाही. विद्यापीठाचे प्राध्यापक तेथे संशोधनासाठी येतात, स्थानिक संस्थांशी करार होतात, परिषदा भरतात. आणि त्यासोबत सर्वसामान्यांसाठी व्याख्याने, पुस्तक प्रकाशने, चर्चा, प्रदर्शने होतात. या शेवटच्या भागाला ते 'पब्लिक एंगेजमेंट' म्हणतात. मी त्याला लोकसंवाद म्हणेन. परिसर विद्यार्थी घडवतो, केंद्र मत घडवते. परिसराची चर्चा आपण शुल्काच्या आकड्यांवरून करतो. केंद्राची चर्चा करीत नाही, कारण तेथे प्रवेश बहुधा विनामूल्य असतो. जे विनामूल्य मिळते त्याची किंमत विचारण्याची आपल्याला सवय नाही.

शिकागोचे उदाहरण

उदाहरणादाखल मी शिकागो विद्यापीठ निवडले आहे. या विद्यापीठाने 2004 मध्ये पॅरिसला, 2010 मध्ये बीजिंगला आणि मार्च 2014 मध्ये आपल्या दिल्लीत केंद्र उघडले. दिल्लीच्या केंद्राने स्वतःपुढे तीन क्षेत्रे ठेवली : व्यापार, अर्थशास्त्र, कायदा आणि धोरण, विज्ञान, ऊर्जा, वैद्यक आणि सार्वजनिक आरोग्य, आणि संस्कृती, समाज, धर्म आणि कला. या केंद्राचे पहिले प्राध्यापक-संचालक गॅरी टब हे संस्कृतचे अभ्यासक होते, ही गोष्टही नोंद घेण्याजोगी आहे. पण शिकागो निवडण्याचे माझे कारण याहून जुने आहे. या विद्यापीठाचा भारतीय समाजाशी लोकसंवाद 2014 मध्ये सुरू झाला नाही. तो 1896 मध्येच सुरू झाला होता.

हे विद्यापीठ रॉकफेलर यांच्या देणगीतून 1890 मध्ये स्थापन झाले आणि 1892 च्या ऑक्टोबरमध्ये तेथे वर्ग सुरू झाले. पहिले अध्यक्ष विल्यम रेनी हार्पर हे सेमिटिक भाषांचे पंडित होते. विद्यापीठाची भिंत हीच ज्ञानाची सीमा, हे त्यांना मान्य नव्हते. म्हणून त्यांनी आरंभापासूनच विस्तार विभाग काढला. प्राध्यापकांनी गावोगावी जाऊन व्याख्याने द्यावीत, पत्राद्वारे शिक्षण द्यावे, विद्यापीठाने स्वतःचे मुद्रणालय चालवावे, ही त्यांची कल्पना. इंग्लंडमध्ये केंब्रिज विद्यापीठाने असा उपक्रम 1873 मध्येच सुरू केला होता. आपल्याकडे न्यायमूर्ती रानडे यांच्या पुढाकाराने पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू झाली ती 1875 मध्ये. म्हणजे ज्ञान चार भिंतींबाहेर नेण्याचा विचार आपण कोणाकडून उसना घेतलेला नाही. काळ एकच होता, गरजही एकच होती.

याच शिकागो नगरीत 11 सप्टेंबर 1893 रोजी सर्वधर्मपरिषद सुरू झाली. स्वामी विवेकानंदांच्या त्या दिवशीच्या भाषणाविषयी या सभागृहात वेगळे सांगण्याची आवश्यकता नाही. मी सांगणार आहे ते त्यानंतर घडलेले, आपल्याकडे क्वचितच सांगितले जाणारे.

1896 ची व्याख्यानमाला

त्या परिषदेच्या आयोजन समितीचे प्रमुख डॉ. जॉन हेन्री बॅरोज हे शिकागोतील प्रेस्बिटेरियन चर्चचे धर्मोपदेशक होते. परिषद संपल्यानंतर, 1894 मध्ये, कॅरोलिन हॅस्केल या श्रीमंत महिलेने शिकागो विद्यापीठाला देणग्या दिल्या. त्यांतील एक 20 हजार डॉलरची देणगी तुलनात्मक धर्माभ्यासावर शिकागोत व्याख्याने व्हावीत यासाठी होती. दुसरी, तेवढ्याच रकमेची, बॅरोज यांच्या नावे भारतात व्याख्याने व्हावीत यासाठी होती. कलकत्ता आणि भारतातील अन्य प्रमुख नगरांत, येथील विद्वान आणि विचारी लोकांपुढे ख्रिस्ती धर्माची मांडणी करावी. मात्र ती स्नेहभावाने आणि संयमाने व्हावी, अशी तिची अपेक्षा होती.

या मालेतील पहिली व्याख्याने देण्यासाठी स्वतः बॅरोज 1896 च्या अखेरीस भारतात आले. त्यांची व्याख्याने 1897 मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. त्या ग्रंथाच्या शीर्षकातच ख्रिस्ती धर्म हा जगाचा धर्म असल्याचे प्रतिपादन आहे. त्यांच्यानंतर ऑक्सफर्डचे फेअरबर्न आणि न्यूयॉर्कचे चार्ल्स कथबर्ट हॉल हेही या मालेत बोलून गेले.

बंधु-भगिनींनो, या घटनेकडे शांतपणे पाहा. 1893 मध्ये शिकागोने आपला एक संन्यासी ऐकला. तीनच वर्षांनी त्या नगरीचे विद्यापीठ आपल्याला ऐकवण्यासाठी आले. त्यातील हेतू लपवलेला नव्हता. देणगी कोणाची, विषय कोणता, वक्ता कोण, श्रोता कोण, हे सर्व आधीच ठरलेले आणि लिहिलेले होते. त्या अर्थाने तो व्यवहार आजच्या अनेक व्यवहारांपेक्षा अधिक प्रामाणिक होता.

आणि स्वामीजींनी काय केले? बॅरोज भारतात येण्यापूर्वी त्यांनी लंडनहून 'इंडियन मिरर'ला पत्र लिहिले आणि या पाहुण्याचे स्वागत हिंदू समाजाने आपल्या आतिथ्याच्या परंपरेला साजेसे करावे, असे आवाहन केले. ज्याचे प्रतिपादन आपल्या प्रतिपादनाच्या विरुद्ध जाणार हे ठाऊक आहे, त्याच्यासाठी त्यांनी सभागृहाची दारे उघडी ठेवायला सांगितली. पुढे या दोघांमध्ये मतभेदाचे शब्द उमटले. पण आरंभ स्वागताने झाला.

दुर्बलाला पाहुण्याची भीती वाटते, समर्थ पाहुण्याला घरात घेतो. परंतु सामर्थ्य केवळ दार उघडण्यात नसते. स्वामीजींनी 1894 मध्येच न्यूयॉर्कमध्ये वेदान्त सोसायटी स्थापन केली होती. आजच्या परिभाषेत बोलायचे तर ते आपले परदेशातील केंद्रच होते. तेथे वर्ग चालत, व्याख्याने होत, पुस्तके निघत, आणि हे सारे चाले तेथील लोकांच्या भाषेत, त्यांच्या शंका पुढे ठेवून. म्हणजे एका हाताने त्यांनी पाहुण्याचे स्वागत केले आणि दुसऱ्या हाताने पाहुण्याच्या गावी आपले घर बांधले. या दोन्ही गोष्टी एकत्र असतील तरच संवाद होतो. एकच असेल तर एकतर तो उपदेश होतो किंवा बहिष्कार.

केंद्रे देतात ते काय

आता आजच्या काळाकडे येऊ. अशा केंद्रांकडे पाहण्याच्या आपल्याकडे दोन टोकाच्या रीती आहेत. एक म्हणजे परदेशी विद्यापीठाचे नाव ऐकताच भारावून जायचे. दुसरी म्हणजे त्यात कारस्थानच शोधायचे. दोन्हींत श्रम कमी पडतात, म्हणून दोन्ही लोकप्रिय आहेत. पण अभ्यासाशिवाय काढलेला निष्कर्ष, मग तो स्तुतीचा असो वा निंदेचा, आपल्या कार्याला उपयोगी पडत नाही.

जे चांगले आहे ते चांगले म्हटले पाहिजे. शिकागो विद्यापीठाच्या ऊर्जाधोरण संस्थेने हवेच्या प्रदूषणाचा एक निर्देशांक तयार केला. हवेत सूक्ष्म कण घनमीटरला अमुक मायक्रोग्रॅम आहेत, असे सांगितले तर आपल्या आजीला त्यातून काहीच कळणार नाही. या निर्देशांकाने तेच गणित आयुष्याच्या वर्षांत मांडले. या जिल्ह्यातील हवा अशीच राहिली तर तेथील माणसाचे आयुष्य सरासरी किती वर्षांनी घटेल, हे सांगितले. आकडा तोच, पण आता तो घराघरांत शिरतो. लोकसंवाद म्हणतात तो हा.

आपल्या महाराष्ट्राचाच दाखला घ्या. राज्याच्या प्रदूषण नियंत्रण मंडळाने 2017 मध्ये कारखान्यांना तारांकन देण्याची योजना सुरू केली. धुरांड्यातून बाहेर पडणाऱ्या कणांच्या मोजमापावरून कारखान्याला एक ते पाच तारे द्यायचे आणि ते सर्वांना पाहता येतील असे जाहीर करायचे. या योजनेत शिकागोच्या याच संस्थेचे भारतातील संशोधक सहभागी होते. 2019 मध्ये सुरतमध्ये कणप्रदूषणाच्या परवान्यांची बाजारपेठ सुरू झाली. त्यातही शिकागो, येल आणि वॉरविक येथील अर्थशास्त्रज्ञांचे काम होते. नियम मोडणाऱ्यावर खटला भरण्याऐवजी धूर कमी करणाऱ्याला आर्थिक लाभ, असे त्याचे सूत्र. तेथे धूर खरोखर घटल्याचे पुढे प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसून आले. हवा हिंदू-मुसलमान पाहत नाही, डावे-उजवे पाहत नाही. कोणी बाहेरून येऊन आपल्या मुलांची फुप्फुसे वाचवण्याचा मार्ग दाखवत असेल, तर तो समजून घेणे हेच राष्ट्रहित आहे.

दुसरी गोष्ट आपल्या मायबोलीची. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश, 1857 च्या दुसऱ्या आवृत्तीसह, आज इंटरनेटवर कोणालाही विनामूल्य पाहता येतो. तसाच तुळपुळे आणि फेल्डहाउस यांचा प्राचीन मराठीचा कोशही. हे दोन्ही कोश शिकागो विद्यापीठाच्या दक्षिण आशियाई ग्रंथसंग्रहाच्या प्रकल्पातून उपलब्ध झाले आहेत. महानुभाव वाङ्मय किंवा एखादा शिलालेख वाचताना अडलेला आपला अभ्यासक मदतीसाठी शिकागोच्या संगणकाकडे वळतो! यात कृतज्ञता आहे आणि थोडी लाजही असली पाहिजे.

या ग्रंथसंग्रहामागचा इतिहासही लक्षात ठेवावा. आपल्यापैकी ज्येष्ठांना पीएल 480 खाली आलेला अमेरिकी गहू आठवत असेल. त्याची किंमत आपण रुपयांत देत होतो. त्या रुपयांतला काही भाग 1962 पासून भारतीय भाषांतील पुस्तके विकत घेऊन अमेरिकेतील विद्यापीठांना पाठवण्यासाठी खर्च झाला. आपण गहू खाऊन संपवला. त्यांनी पुस्तके जपून ठेवली. आपल्या अनेक गावांतील वाचनालयांत ज्या मराठी पुस्तकांना वाळवी लागली, त्यांच्या प्रती तिकडे व्यवस्थित बांधून, सूचीसह उभ्या आहेत. याचा दोष त्यांना कसा देणार?

चार प्रश्न

पण कृतज्ञता म्हणजे शरणागती नव्हे. अशा प्रत्येक केंद्राच्या प्रत्येक कार्यक्रमाला चार साधे प्रश्न विचारण्याचा आपल्याला अधिकार आहे.

पहिला प्रश्न : खर्च कोण करते? 1894 मध्ये हॅस्केलबाईंचे नाव उघड होते. आजही देणगीदाराचे नाव उघड असावे.

दुसरा प्रश्न : वक्ता कोण निवडते? भारतातील धर्म, जाती, इतिहास यांवर चर्चा असेल तर व्यासपीठावर एकाच मताचे तीन विद्वान बसवून तिला चर्चा म्हणता येत नाही. आपल्या परंपरेत पूर्वपक्ष मांडण्याची शिस्त होती. प्रतिपक्षाचे म्हणणे त्याला स्वतःला मान्य होईल इतक्या नेटकेपणाने आधी मांडायचे, मग खंडन करायचे. ही कसोटी आपण त्यांना लावू या. पण ती आपल्या स्वतःच्या व्यासपीठांनाही लावली पाहिजे, हे विसरून चालणार नाही.

तिसरा प्रश्न : भाषा कोणती? पत्रकारितेच्या निमित्ताने अशा सभागृहांत मी अनेकदा बसलो आहे. निमंत्रण इंग्रजीत, व्याख्यान इंग्रजीत, प्रश्नोत्तरे इंग्रजीत. विषय असतो ग्रामीण महिलांचे आरोग्य, आणि सभागृहातील एकमेव ग्रामीण महिला चहाचे कप उचलत असते. स्वामीजी अमेरिकेत इंग्रजीत बोलले, कारण ते लोकांशी बोलायला गेले होते. मग भारतात लोकसंवाद करणाऱ्याने हिंदीत, मराठीत, तमिळमध्ये बोलू नये काय? निदान दुभाषा ठेवू नये काय? भाषा बदलली की श्रोते बदलतात, आणि श्रोते बदलले की प्रश्न बदलतात. कदाचित म्हणूनच ती बदलली जात नसेल.

चौथा प्रश्न : मागे काय उरते? पाहुणे विमानाने परत गेल्यावर येथे एखादा प्रशिक्षित विद्यार्थी, एखादी माहितीची साठवण, एखादे भाषांतर, स्थानिक महाविद्यालयाशी टिकाऊ नाते, यांपैकी काही उरते काय? की केवळ छायाचित्रे?

हे प्रश्न विचारणे म्हणजे संकुचितपणा, असे कोणी म्हणेल. त्यांना शिकागोचीच गोष्ट सांगावी. चीनच्या सरकारी संस्थेच्या साहाय्याने 2010 मध्ये शिकागो विद्यापीठात कन्फ्यूशियस इन्स्टिट्यूट उघडली. चिनी भाषा आणि संस्कृतीची ओळख हा तिचा हेतू. पण येथे शिकवणारे कोण निवडते, असा प्रश्न तेथील प्राध्यापकांनी विचारला. शंभराहून अधिक प्राध्यापकांनी निवेदनावर सह्या केल्या आणि 2014 मध्ये विद्यापीठाने कराराच्या नूतनीकरणाची बोलणी थांबवली. ज्या वर्षी हे विद्यापीठ दिल्लीत पाहुणे म्हणून आले, त्याच वर्षी त्याने आपल्या घरच्या पाहुण्याला प्रश्न विचारले! मी त्यांचे अभिनंदन करतो. यजमानाने प्रश्न विचारावेत, हा धडा त्यांनीच घालून दिला आहे.

हाच न्याय आपल्यालाही लागू होतो. स्वामी विवेकानंदांच्या 150 व्या जयंतीच्या निमित्ताने भारत सरकारच्या संस्कृती मंत्रालयाने 2012 मध्ये शिकागो विद्यापीठाला 15 लाख डॉलर देऊन विवेकानंदांच्या नावे अभ्यागत प्राध्यापकपद निर्माण केले. योग्यच झाले. परंतु देणगी दिली म्हणजे तेथे आपल्याला आवडेल तेच बोलले जाईल, अशी अपेक्षा ठेवता येणार नाही. अध्यासन विकत घेता येते, विद्वत्ता घेता येत नाही. तेथे जे बोलले जाईल त्याला उत्तर द्यायचे तर तेवढ्याच तयारीचे अभ्यासक आपल्याकडे असावे लागतील. ते घडवायला पैशापेक्षा वेळ अधिक लागतो.

आपली पाळी

आता शेवटचा आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. आपली विद्यापीठेही आता बाहेर निघाली आहेत. 2023 मध्ये आयआयटी मद्रासने झांझिबारमध्ये परिसर सुरू केला. 2024 मध्ये आयआयटी दिल्लीचे वर्ग अबुधाबीत सुरू झाले. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ कतारमध्ये दोह्याला गेले आहे, पुण्याचेच सिंबायोसिस दुबईत गेले आहे. अभिमान वाटावा अशीच ही गोष्ट आहे. पण केवळ पदव्या देणारा परिसर दुकानासारखा असतो. गिऱ्हाईक आले की उघडायचे, गेले की मिटायचे. झांझिबारच्या सामान्य नागरिकाला संध्याकाळी यावेसे वाटेल, स्वाहिलीत गणिताची किंवा समुद्राची गोष्ट ऐकायला मिळेल, भारताशी असलेल्या शतकांच्या व्यापाराचा इतिहास समजेल, असे दालन तेथे उभे राहिले पाहिजे. दोह्यात आणि दुबईत राहणाऱ्या मराठी कुटुंबांतील मुलांना मराठी वाचायला शिकवण्याची सोय आपल्या विद्यापीठाशिवाय दुसरे कोण करणार?

यासाठी आपल्याकडे शब्दही आहे आणि परंपराही. बहि:शाल शिक्षण. पुणे विद्यापीठ 1949 मध्ये स्थापन झाले आणि त्याचे पहिले कुलगुरू डॉ. मुकुंदराव जयकर यांच्या नावाची बहि:शाल व्याख्यानमाला आजच्या पिढीतील कितीतरी वक्त्यांना तालुक्याच्या गावी घेऊन गेली. वीस-पंचवीस श्रोते, एक सतरंजी, एक ध्वनिक्षेपक, आणि मानधन तर विचारूच नका. पण त्या सतरंजीवर बसून अनेकांनी पहिल्यांदा अर्थशास्त्र ऐकले, ज्ञानेश्वरीचे विवेचन ऐकले. 'पब्लिक एंगेजमेंट' हे नाव नवीन आहे, सतरंजी जुनी आहे. ती झटकून पुन्हा अंथरायची आहे. येथेही आणि साता समुद्रांपलीकडेही.

आपल्यापैकी प्रत्येकाला यात काही करता येईल. मुंबईत, दिल्लीत, बंगळुरूत राहणाऱ्या आपल्या तरुणांनी परदेशी विद्यापीठांच्या केंद्रांतील कार्यक्रमांना जावे. मागच्या रांगेत बसून कुजबुजू नये. वाचून जावे, हात वर करावा आणि मुद्द्याचा प्रश्न सौजन्याने विचारावा. उत्तर पटले तर तसे म्हणावे. परदेशी असलेल्या आपल्या मुलांनी तेथील विद्यापीठाच्या ग्रंथालयात मराठीचे दालन आहे काय, मराठीचा वर्ग चालतो काय, याची चौकशी करावी. तो चालवायचा तर विद्यार्थी लागतात, आणि विद्यार्थी आपल्याच घरांतून येणार आहेत. आणि येथील विद्यापीठांच्या अधिसभांवर निवडून जाणाऱ्या आपल्या कार्यकर्त्यांनी एक विषय लावून धरावा : परदेशात वर्ग सुरू करताना लोकसंवादाचे दालनही सुरू करा, आणि ते त्या देशाच्या भाषेत चालवा.

बॅरोज यांच्या व्याख्यानांना गेलेल्या श्रोत्यांची नावे आज कोणाला ठाऊक नाहीत. ते आले, त्यांनी ऐकले, ते घरी गेले. ज्याने पाहुण्याला या म्हटले आणि स्वतःही जगापुढे उभा राहून बोलला, त्याचे नाव मात्र घराघरांत आहे. पुढील काळात विद्यापीठे आपल्या दारी येतच राहणार आहेत. त्यांच्या सभागृहात आपली खुर्ची कोणत्या बाजूला असेल, हे आपल्या तयारीवरून ठरणार आहे.